न विकलेल्या लहरींचा तोटा

एक लाख शहात्तर हजार कोटी म्हटलं की आजही लोक ‘टू-जी’ म्हणतात. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, २०१० च्या अहवालातला हा आकडा. २००८ मध्ये दूरसंचार खात्याने मोबाइल सेवेचे १२२ परवाने, आणि त्यांबरोबर स्पेक्ट्रम म्हणजे मोबाइलच्या रेडिओ लहरी, २००१ च्या भावाने वाटले. बाजारभाव लावला असता तर सरकारला इतके जास्त मिळाले असते, असा तो हिशेब. खुद्द अहवालात वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अनेक अंदाज होते. त्यांतला सर्वांत लहान ५७ हजार कोटींच्या आसपास होता, लोकांनी लक्षात ठेवला तो सर्वांत मोठा. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी ते परवाने रद्द केले. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. आकडा मात्र टिकून राहिला.

आता एक दुसरी गोष्ट, जिची कुठे चर्चा होत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारने ७०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींचा पट्टा पहिल्यांदा लिलावात काढला. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बोली चालत नाही तो भाव, देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी. ट्राय या दूरसंचार नियामकाचं गणित असं की १८०० मेगाहर्ट्झच्या चौपट भाव लावायचा, कारण हा पट्टा गुणाने सरस. सगळा विकला गेला असता तर चार लाख कोटींच्या वर रक्कम झाली असती. एकही बोली आली नाही. मार्च २०२१ मध्ये भाव ६,५६८ कोटींवर आणला, तरी कुणी फिरकलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ३,९२७ कोटींच्या भावाने जिओने त्यातला एक तुकडा घेतला. म्हणजे आधी सांगितलेल्या भावाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाला, आणि तोही जवळपास सहा वर्षं उशिरा.

या सहा वर्षांचा ‘संभाव्य तोटा’ कुणी काढला? सरकारी मालमत्ता स्वस्तात गेली तर ते पकडायला आपल्याकडे घटनात्मक यंत्रणा आहे. ती महाग ठेवून कुणालाच मिळू दिली नाही, तर त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. विकसनशील देशांतल्या स्पेक्ट्रम धोरणाची गोम मला इथे दिसते. तिजोरीत किती आले याचा हिशेब पै-पैचा ठेवला जातो. एखाद्या तालुक्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या लहरी किती वर्षं रिकाम्या गेल्या हे मोजायची कुणाला गरजच वाटत नाही.

७०० मेगाहर्ट्झचं उदाहरण मुद्दाम घेतलं. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंती, झाडी यांतून बऱ्यापैकी पार होतात. त्यामुळे थोड्या टॉवरमध्ये जास्त मुलूख झाकला जातो. गजबजलेल्या शहरात कंपन्यांना तसेही जवळजवळ टॉवर लावावे लागतात. या पट्ट्याची खरी गरज विरळ वस्तीच्या डोंगराळ भागाला, आणि नेमका तोच पट्टा सर्वांत महाग करून कपाटात ठेवला गेला. कोळसा खाणीत राहिला तर तो पुढच्या पिढीला तरी मिळतो. लहरींचं तसं नाही. कालव्याला आवर्तन सुटलंय, तुमची पाळी आहे आणि तुम्ही दार उघडलं नाही, तर ते पाणी पुढे निघून जातं; दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याशी भांडून ते परत येत नाही. २०१७ सालचा ७०० मेगाहर्ट्झ असाच गेला.

या लहरी आहेत कुणाच्या, याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी दिलं आहे. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद पेटला होता. त्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि त्यांचं नियंत्रण लोकांच्या हितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने करावं. सरकार इथे विश्वस्त आहे. पण दिल्लीने त्यातला ‘मालमत्ता’ एवढाच भाग ऐकला. मालमत्ता म्हटली की विक्री आली, आणि विक्री म्हटली की चढा भाव. (त्याच निकालामुळे पुढे सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली, माण तालुक्यात म्हसवडला बायकांच्या संस्थेचं केंद्र उभं राहिलं. पण खासगी एफएम आणि सामुदायिक केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सार्वजनिक मालमत्तेवर जनतेने गाणी लावावीत, बातम्या लावू नयेत, हा काय प्रकार आहे, ते वेगळ्या लेखात बघू.)

चढ्या भावाची चटक लागली ती २०१० मध्ये. अर्थसंकल्पात ३५ हजार कोटी धरले होते. थ्री-जी आणि ब्रॉडबँडच्या लिलावांतून मिळून एक लाख सहा हजार कोटी आले. कुठल्याही अर्थमंत्र्याला ही लॉटरी वाटली असती. दोन वर्षांनी न्यायालयाने परवाने रद्द केले, आणि लिलावाशिवाय दिलेला स्पेक्ट्रम म्हणजे भ्रष्टाचार हे समीकरण पक्कं झालं. वास्तविक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी मागवलेल्या मतावर पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं होतं की नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नव्हे. ते कुणी फार मनावर घेतलं नाही. कुठल्या सचिवाने घ्यावं? राखीव किंमत कमी ठेवणाऱ्याची चौकशी लागू शकते, जास्त ठेवणाऱ्याची कधीच लागत नाही. मग तो जास्तच ठेवणार.

परिणाम समोर आहेत. नोव्हेंबर २०१२ चा लिलाव ९,४०७ कोटींवर आटोपला. २०१६ मध्ये २,३५४ मेगाहर्ट्झ काढला, विकला गेला ९६५. जून २०२४ मध्ये राखीव भावाने ९६ हजार कोटींचा स्पेक्ट्रम मांडला, गेला ११,३४१ कोटींचा. मधल्या २०२२ च्या दीड लाख कोटींच्या लिलावाची वर्तमानपत्रांत आठ कॉलमी बातमी आली, बाकीच्या आत कुठेतरी.

बरं, विकला गेला त्याचे तरी पैसे खरे होते का? व्होडाफोन आयडियाने घेतलेल्या स्पेक्ट्रमचे हप्ते थकले. २०२५ मध्ये सरकारने त्यातल्या ३६,९५० कोटींच्या बदल्यात शेअर घेतले आणि सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या घरात गेला. लिलावाच्या दिवशी ‘विक्रमी महसूल’ म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्यातला हा भाग आज एका कर्जबाजारी कंपनीच्या समभागांच्या रूपात सरकारच्या गळ्यात आहे. इकडे बीएसएनएलला २०२३ च्या ८९,०४७ कोटींच्या पॅकेजमध्ये ७०० मेगाहर्ट्झ दिला, त्याची किंमत लावली ४६ हजार कोटींच्या वर. सरकारने सरकारी कंपनीला स्पेक्ट्रम द्यायचा आणि त्याचा भाव ‘मदत’ म्हणून दाखवायचा. उजव्या खिशातून डाव्या खिशात, मध्ये टाळ्या.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खोडून काढता येत नाही. स्पेक्ट्रम इतका महाग असूनही भारतात डेटा जगातल्या स्वस्त दरांत मिळतो, मग तक्रार कसली? अर्थशास्त्रज्ञही सांगतात की लिलावात गेलेला पैसा गेला. उद्याचा दर स्पर्धेवर ठरतो, कालच्या बोलीवर नाही. खरं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर दर कोसळले, त्याचा लिलावाशी संबंध नव्हता. पण त्याच काळात एअरसेल, आरकॉम (रिलायन्स कम्युनिकेशन्स) बुडाल्या, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. हे केवळ स्पेक्ट्रमच्या कर्जामुळे झालं असं मी म्हणणार नाही. दरयुद्ध होतं, एजीआरचा, म्हणजे कंपन्यांच्या कुठल्या महसुलावर सरकारी शुल्क लागतं याचा, २०१९ चा निकाल होता. पण डोक्यावर कर्ज असलेली कंपनी दरयुद्धात टिकत नाही, एवढं तर उघड आहे. उरल्या तीन खासगी कंपन्या, त्यांतली एक आजारी. जुलै २०२४ मध्ये तिघींनी दोन दिवसांत दर वाढवले. स्वस्ताईचं पुढे काय होणार, हे त्या आठवड्यात दिसलं.

तरीही माझी मुख्य तक्रार दराबद्दल नाही. ती आहे सर्कलबद्दल.

स्पेक्ट्रम विकला जातो २२ सर्कलमध्ये, म्हणजे देशाच्या २२ दूरसंचार विभागांत. मुंबई वेगळी, बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. म्हणजे पुणे, नाशिक, पणजीचं गिऱ्हाईक हवं असलेली कंपनी बोली लावते, आणि तिला त्याच पावतीत धडगाव, अक्कलकुवा, भामरागड, जव्हारच्या लहरीही मिळतात. वीस वर्षांसाठी. तिथे टॉवर उभा करायचा की नाही ही तिची मर्जी. उभा केला नाही तर तिथला दुसरा कुणीही, ग्रामपंचायत असो, सोसायटी असो की धडपड्या तरुण, त्या लहरींना हात लावू शकत नाही. लावला तर गुन्हा. जुन्या मोबाइल परवान्यांतली अट वाचण्यासारखी आहे: पहिल्या वर्षात दहा टक्के जिल्हा मुख्यालयं आणि तीन वर्षांत पन्नास टक्के. मुख्यालयाऐवजी जिल्ह्यातलं दुसरं एखादं शहर चालेल. आणि शहर ‘झाकलं’ म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीतला नव्वद टक्के भाग. ही अट पाळायला सातपुड्यात पाऊल ठेवायची गरजच नव्हती. पुढच्या लिलावांत अटी तालुक्याच्या गावापर्यंत उतरल्या, पण पाड्यापर्यंत नाही.

मग त्या गावांचं काय होतं? जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले, काम बीएसएनएलकडे. त्याच्या आसपासच फाइव्ह-जीचा लिलाव झाला. या गावांवरचा हक्क कंपन्यांनी कधीच विकत घेतला होता. तो वापरला नाही म्हणून त्यांना दंड नाही, उलट जनतेच्या पैशातून समांतर व्यवस्था उभी करायची. हा पैसा येतो कुठून, तर कंपन्यांच्या महसुलातून २००२ पासून गोळा होणाऱ्या पाच टक्क्यांतून, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. ज्या पाड्यावर रेशनच्या मशीनला रेंज मिळत नाही म्हणून अंगठा लागत नाही, तिथल्या माणसाला हे सगळं समजावून सांगून बघा.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. तो महाराष्ट्रातच शोधला गेला होता. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर (पुढे ते केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनसाठी राखून ठेवलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा तपासला. आपल्याकडे जमिनीवरून टीव्हीचं प्रक्षेपण करणारी एकच संस्था, त्यामुळे पंधरा वाहिन्यांपैकी किमान बारा देशात जवळपास सगळीकडे रिकाम्या निघाल्या. अमेरिकेत या रिकाम्या जागा शहराशहरात शोधाव्या लागतात. इथे पट्टाच रिकामा. मग त्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत प्रयोग केला. ग्रामपंचायतीपर्यंत येणारी फायबर तिथून पुढे पाड्यांवर न्यायची कशी, हा प्रश्न होता. खांब टाकून तार न्यायला पैसा नाही, आणि साध्या वाय-फायची लहर झाडीत अडते. टीव्हीच्या पट्ट्यातली लहर झाडीतून जाते. त्या लहरीवर इंटरनेट पाड्यापर्यंत नेऊन तिथे वाय-फाय द्यायचं, अशी ती रचना. ‘ग्राममार्ग’ या नावाने त्या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तंत्र चाललं. परवाना मात्र प्रायोगिकच राहिला. व्यवसाय म्हणून हे कुणाला करता येईल असे नियम झाले नाहीत. कारण तो पट्टा उद्या लिलावात विकता येईल अशी आशा. शेजारचा ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ मध्ये खरोखरच लिलावात आला. त्यावर एकही बोली लागली नाही.

हा आजार फक्त आपला नाही. घानाने २०१५ मध्ये ८०० मेगाहर्ट्झसाठी पावणेसात कोटी डॉलरची राखीव किंमत लावली. एमटीएन या सर्वांत मोठ्या कंपनीशिवाय कुणालाच ती परवडली नाही, आणि मोठा आणखी मोठा झाला. मेक्सिकोत वार्षिक शुल्क इतकं चढं की टेलिफोनिका या मोबाइल कंपनीने २०१९ मध्ये स्वतःचा सगळा स्पेक्ट्रम टप्प्याटप्प्याने सरकारला परत करायचं ठरवलं आणि ती दुसऱ्याच्या जाळ्यावर भाड्याने राहायला गेली. पण त्याच मेक्सिकोत ओहाका प्रांतातल्या तालेआ दे कास्त्रो या डोंगरी गावाने २०१३ मध्ये स्वतःचं मोबाइल जाळं उभं केलं, कारण कंपन्यांच्या मते ते गाव फार लहान होतं. आणि तिथल्या नियामकाने पुढे काय केलं? गुन्हा नोंदवला नाही. २०१६ मध्ये आदिवासी समुदायांच्या संस्थेला खास सामाजिक परवाना दिला. गरीब देशाला हे जमत नाही, असं म्हणायला जागा नाही.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, गावांच्या हाती दिलं की वाट लागेल. आपल्याकडे सहकाराचं नाव काढलं की श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्था आठवते: गाजावाजाने सुरू झाली, महावितरणची प्रचंड थकबाकी करून बसली आणि २०११ मध्ये परवाना संपला. ती भीती रास्त आहे. पण मुळा-प्रवरा बुडाली ती फुकट आणि उधार विजेच्या राजकारणाने. लहरीला घाऊक बिल येत नाही, त्यामुळे थकवायलाच काही नाही. शिवाय आपल्याकडे दुसरंही उदाहरण आहे. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली केबल कुणी नेली? कुठल्याही राष्ट्रीय योजनेने नाही. छतावर डिश लावून तारा ओढणाऱ्या पोरांनी. कायदा मागून आला, १९९५ मध्ये. सेवा भिकार असायची, दादागिरीही होती, पण केबल पोचली. मी केबलवाल्यांचा भाबडा चाहता नाही. तरी कुणाचाच हक्क नसण्यापेक्षा ती अवस्था बरी होती.

एकाच्या लहरी दुसऱ्याच्या लहरींत घुसतील, हा व्यत्ययाचा मुद्दा तांत्रिक आहे आणि सुटण्यासारखा आहे. कुठल्या जागी कुठली लहर मोकळी हे सांगणारा डेटाबेस ठेवायचा आणि मूळ परवानाधारक आला की दुसऱ्याने बाजूला व्हायचं, ही पद्धत जगात रुळलेली आहे. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, गडचिरोलीत तर नक्कीच. तिथे नोंदणी आणि पोलिसांची परवानगी कडक ठेवा. पण सुरक्षेचं कारण नंदुरबार, जव्हार आणि वेल्ह्यालाही लावायचं असेल तर ते कारण उरत नाही, सबब होते.

लिलाव मोडीत काढा असं माझं म्हणणं नाही. पुण्यात पाच जणांना एकच पट्टा हवा असेल तर लिलावच हवा. २००८ सारखी ‘आधी येईल त्याला’ची रांग पुन्हा नको. पण जिथे एकालाही नको आहे तिथे कसला लिलाव? उपग्रहांच्या बाबतीत सरकारने हे मान्यच केलं आहे. जिओने लिलावाचा आग्रह धरूनही उपग्रह सेवेचा स्पेक्ट्रम लिलावाविना द्यायचं ठरलं, २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते लिहून ठेवलं, आणि ट्रायने मे २०२५ मध्ये महसुलाच्या चार टक्के शुल्क सुचवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी, म्हणजे इलॉन मस्क यांच्या उपग्रह इंटरनेट कंपनीशी, इरादापत्र केलं, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिवसाठी. आकाशातून येणाऱ्या मस्कसाहेबांना लिलाव नाही, आणि खामलोलीच्या ग्रामपंचायतीला प्रायोगिक परवान्यापुढे काही नाही. हा भेद कशाच्या आधारावर?

नवा कायदा करायचीही गरज नाही. २०२३ च्या कायद्याच्या सातव्या कलमात दोन्ही गोष्टी आहेत: एकाला दिलेला स्पेक्ट्रम, त्याला त्रास होणार नाही अशा रीतीने, दुसऱ्या ‘दुय्यम’ धारकाला देता येतो, आणि पुरेशा कारणाविना पडून राहिलेला परत घेता येतो. या कलमाखाली नियम तालुका किंवा ग्रामपंचायत हे एकक धरून करावेत. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत परवानाधारकाने तीन वर्षांत लहर चालू केली नाही, तिथे नोंदणीच्या खर्चाएवढ्या शुल्कात स्थानिक संस्थेला दुय्यम हक्क द्यावा. कंपनीला तिथे यायचं असेल तर एका वर्षाच्या नोटिशीवर तिने यावं, पण कागदावर नाही, टॉवर घेऊन. मोकळी गावं शोधायलाही नवं सर्वेक्षण लागत नाही. ट्रायच्या आदेशानुसार कंपन्यांना २०२५ पासून आपापले व्याप्ती-नकाशे संकेतस्थळांवर ठेवावे लागतात. बीएसएनएल धरून चौघांचे नकाशे एकावर एक ठेवले की कोरा भाग दिसतो, आणि त्या नकाशात कंपनीने थाप मारली असेल तर ती पकडायला गावातला कुठलाही माणूस हातातला फोन दाखवू शकतो.